मद्रासची पहिली बाजारपेठ : सुती ताग्यांवर उभे राहिलेले नगर

चेन्नईतील वॉशरमनपेट, चिंताद्रिपेट, कोरल मर्चंट स्ट्रीट आणि आर्मेनियन स्ट्रीट ही नावे आजही रोजच्या वापरात आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या मद्रास वसाहतीत कोणता माल मिळत असे, कोणते व्यवसाय चालत आणि व्यापारी कोठून येत, याची साक्ष ही नावे देतात.

स्वस्त कापडाचा शोध

कंपनीचा अधिकारी फ्रान्सिस डे याने १६३९ मध्ये दामर्ला वेंकटाद्री नायक यांच्याकडून मद्रासपट्टणम येथे वखार व किल्ला बांधण्याची परवानगी मिळविली. येथे नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे भर समुद्रात नांगरून राहत आणि काथ्याने शिवलेल्या मसुला नावांतून माल उसळत्या लाटांवरून किनाऱ्याला आणावा लागे. तरीही डेने ही जागा पसंत केली, कारण परिसरातील सुती कापड अन्य ठिकाणांपेक्षा सुमारे एक पंचमांशाने स्वस्त होते. सेंट जॉर्ज किल्ल्याचे काम १६४० मध्ये सुरू झाले. करसवलतीचे आश्वासन देऊन विणकर व रंगाऱ्यांना किल्ल्यालगत वसण्यास पाचारण करण्यात आले आणि अल्पावधीत शेकडो कुटुंबे तेथे आली.

एका ताग्यामागे अनेक हात

साधे पांढरे लाँगक्लॉथ, तलम मलमल आणि रंगीत छीट हा मद्रासचा मुख्य माल होता. कंपनी हे कापड सहसा थेट विणकरांकडून घेत नसे. ती बेरी तिम्मप्पा, कासी वीरण्णा यांसारख्या बड्या व्यापाऱ्यांशी करार करी आणि त्यांच्यामार्फत विणकरांना आगाऊ रक्कम पोहोचे. तयार तागे गोदामात नमुन्याशी ताडून पाहिले जात. नमुन्यास न उतरणारा माल परत केला जाई किंवा त्याची किंमत कमी केली जाई.

विणलेले कापड धुऊन शुभ्र करण्यासाठी परिटांकडे जाई. त्यांची वस्ती म्हणजेच वॉशरमनपेट. छिटावरील नक्षी रंगारी लेखणीने काढीत. लाल रंग चायवेर या वनस्पतीच्या मुळांपासून मिळे, तर निळ्यासाठी नीळ वापरली जाई. रंग लागू नये असा भाग मेणाने झाकण्यात येई.

पोवळी आणि हिरे

युरोपातून येणाऱ्या जहाजांत प्रामुख्याने चांदी असे. त्याखेरीज लोकरी कापड, शिसे आणि भूमध्य समुद्रातील पोवळी येत. पोवळ्यांच्या मोबदल्यात गोवळकोंड्याचे हिरे नेणारे यहुदी व्यापारी मद्रासमध्ये स्थायिक झाले होते. आर्मेनियन व्यापाऱ्यांचाही मोठा दबदबा होता. गव्हर्नर थॉमस पिट याने १७०२ मध्ये ४१० कॅरटचा कच्चा हिरा ४८ हजार सुवर्ण पॅगोडांना घेतला. पुढे तो फ्रान्सच्या राजदरबारात गेला आणि आज ‘रीजंट’ या नावाने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. याच बाजारात गुलामांचीही खरेदी-विक्री होत असे; दुष्काळात हा व्यापार वाढे.

मराठ्यांच्या इतिहासातही या बाजाराची नोंद आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटकच्या मोहिमेवर असताना मद्रासच्या इंग्रजांकडून विषावर उतारा मानले जाणारे खडे व औषधी द्रव्ये मागविली आणि त्यांची किंमत देण्याची तयारी दर्शविली. इंग्रजांनी पैसे न घेता ती नजराणा म्हणून पाठविली. महाराजांनी नंतर लष्करी कामाचे तंत्रज्ञ मागितले, तेव्हा मात्र त्यांनी नकार दिला.

विणकरांच्या पदरी काय पडले?

वसाहतीची भरभराट विणकरांच्या कौशल्यावर झाली, पण बाजारावर त्यांचे नियंत्रण नव्हते. १६४६-४७ च्या दुष्काळात विणकर व रंगारी मोठ्या संख्येने बळी पडले. इंग्लंडमधील लोकर व रेशीम उत्पादकांच्या दबावामुळे तेथील संसदेने १७०० व १७२१ मध्ये कायदे करून भारतीय रंगीत कापडाच्या वापरावर बंधने आणली. हजारो मैलांवर झालेल्या या निर्णयाची झळ कोरोमंडलच्या रंगाऱ्यांना बसली.

माल मात्र कंपनीला हवाच होता. गव्हर्नर मॉर्टन पिट याने १७३४ मध्ये सुंकुरामा या व्यापाऱ्याची बाग घेऊन तेथे सूतकताई करणारे, विणकर, रंगारी व परीट यांची वसाहत उभारली. लहान मागांची पेठ अशा अर्थाच्या तमिळ शब्दांवरून तिला चिंताद्रिपेट हे नाव पडले. पुढे कंपनीची राजकीय सत्ता वाढली, तसे अन्य ग्राहकाला माल विकण्याचे विणकराचे स्वातंत्र्य आक्रसत गेले. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर विणलेले विलायती कापड आल्यावर या व्यवसायाचा कणाच मोडला.

मद्रासचे नाव १९९६ मध्ये चेन्नई झाले. मात्र ज्यांच्या मागांमुळे हे नगर वसले, त्या कारागिरांची ओळख पेठांच्या नावांतून टिकून आहे.