गोडाचा परवाना

स्थूलतेवरील शस्त्रक्रियेने जठर लहान होते, जिभेची आवड मात्र जिथल्या तिथे राहते. आणि म्हणूनच इस्पितळातून घरी परतलेल्या माणसाची खरी परीक्षा गणेशचतुर्थीच्या पानावर, तूप सोडलेल्या उकडीच्या मोदकासमोर होते.

1966 साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराच्या ज्या बायपास शस्त्रक्रियेचा पाया घातला, तिच्या आजच्या रूपात जठराची जेमतेम 30 मिलिलिटरची थैली राखून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ‘स्लीव्ह’ या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. एवढ्याशा जागेत दिवसाकाठी साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनांची तजवीज करावयाची असल्याने उसळ, पनीर, अंडे किंवा मासळी यांचा मान पहिला, भाजीचा दुसरा, आणि गोडाचा, जागा उरलीच तर, शेवटचा. पहिले सहा-आठ आठवडे, म्हणजे द्रव आहारापासून घन आहारापर्यंतचा प्रवास पुरा होईतो, गोडाचे नावही काढू नये. पुढे आहारतज्ज्ञांच्या संमतीने क्वचित मुभा घेता येते.

ही मुभा बेताने का घ्यावी, याचा दाखला शरीरच देते. बायपासनंतर साखर आतड्यात एकदम उतरली की ती पाणी ओढून घेते, आणि अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, घाम, पोटात कळा व जुलाब यांनी काही जणांची त्रेधा उडते. काहींच्या बाबतीत इन्सुलिनचा अतिरेक होऊन एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरते व हातपाय कापू लागतात. ‘स्लीव्ह’नंतर हा त्रास तुलनेने कमी, पण त्यामुळेच तेथे गाफीलपणाला वाव अधिक.

तथापि सणाच्या एका मोदकाने वजनाचा जमाखर्च सहसा बिघडत नाही. तो बिघडतो येता-जाता तोंडात टाकलेल्या चिमूटभर चिवड्याने, चहाबरोबरच्या चकलीने, आणि श्रीखंड-आइस्क्रीम यांसारख्या जिन्नसांनी, जे थैलीत न रेंगाळता सरकून जातात व पोट भरल्याची जाणीवच होऊ देत नाहीत. म्हणून गोड खायचे तर दिवस आधी ठरवावा, जेवणानंतर बसून खावे, अर्धा मोदक निराळ्या वाटीत घेऊन त्याचे दोन-तीन घास सावकाश चावावेत, आणि उरलेला डबा दृष्टीआड करावा. सर्वस्वी मनाई केलेला पदार्थ मनात घर करतो व पुढे एखाद्या दिवशी सारा बंदोबस्त मोडून टाकतो. ठरवून खाल्लेला घास ही वेळ सहसा येऊ देत नाही.

राहता राहिला आपला आग्रह. पंगतीत ‘आणखी एक, माझ्यासाठी’ म्हणत पानात वाढणे हा आपल्याकडे प्रेमाचा शिष्टाचार खरा; परंतु ज्याच्या जठरात चार घासांपुरतीच जागा आहे, त्याला त्या प्रेमापायी उलटी तरी होते किंवा वाढणाऱ्याचे मन मोडल्याचा अपराध तरी पत्करावा लागतो. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच, की त्याने अर्धा मोदक मागितला, तर अर्धाच वाढावा, आणि नको म्हटले, तर पुन्हा विचारू नये.