निर्णयांचाही फेरफार हवा

महाराष्ट्रातील कोणत्याही गावात जमिनीवरील हक्क बदलला, की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५० अन्वये त्याची क्रमांकासह नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, होते. सातबारा आजची स्थिती सांगतो, तर ती कशी आली हे फेरफार सांगतो.

संकल्पना : सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ‘रचना-निर्णय नोंद’ करते. प्रणालीची मांडणी ठरवणाऱ्या आणि नंतर बदलणे महाग पडणाऱ्या एकेका निर्णयाची हे एक-दोन पानी टिपण असून, त्याचा सुटसुटीत आराखडा मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडला.

घटक : शीर्षक, पार्श्वभूमी, निर्णय, स्थिती (प्रस्तावित, स्वीकृत किंवा रद्द) आणि परिणाम.

नमुना : भूमी अभिलेखांच्या एखाद्या प्रणालीत गट क्रमांक संख्या म्हणून न साठवता मजकूर म्हणून साठवायचा ठरला, तर ‘११२/१/अ’ असे पोटहिस्से हे कारण पार्श्वभूमीत येते, आणि साध्या क्रमवारीत १० हा २च्या आधी लागतो, ही अडचण परिणामांत लिहावी लागते.

नियम : निर्णय फिरला तरी जुनी नोंद खोडायची नसते, तिच्यावर रद्द झाल्याचा शेरा मारून नव्या नोंदीचा क्रमांक द्यायचा असतो, आणि सर्व नोंदी प्रोग्रॅमच्या कोडसोबतच ठेवायच्या असतात.

निर्णय घेणारी माणसे प्रकल्प सोडून जातात. त्यांची कारणमीमांसा मागे उरावी, यासाठी ही नोंद निर्णयाच्या दिवशीच लिहावी.