मचूळ पाण्याचं औषध

दुकानदार म्हणाला होता, "ताई, ठिपके गेले की मासा बरा झाला समजा." मी तसंच समजले आणि नवव्या दिवशी उपचार थांबवला. पंधरवड्यात माझा पावडर ब्लू टँग गेला.

समुद्री मासे पाळणाऱ्याला हा रोग कधी ना कधी गाठतोच. परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे दिसतात; मासा दगडाला अंग घासतो, धापा टाकतो. हे काम क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीचं. तो कातडीत शिरून तीन ते सात दिवस पोट भरतो, मग गळून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच करून बसतो. ठिपके जातात ते एवढ्याचसाठी. त्या एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्लं निघतात. कधी तीन दिवसांनी, कधी महिन्याने. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात, पण बंद टाकीतला मासा जाणार कुठे?

कवचात औषध पोचत नाही. पाणी मात्र पोचतं. खारटपणा उतरवला की पाणी आत घुसून कवच फुटतं. इस्रायलमधल्या ऐलातच्या अँजेलो कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये सी-ब्रीम माशांवरचा हा उपाय मांडला. मासा यात तरतो, कारण समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असले तरी त्याच्या रक्तात जेमतेम एक तृतीयांशच असतात. एरवी तो सतत खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकत राहतो. पाणी मचूळ झालं की ती मेहनत हलकी होते. आपली बोय तर पावसाळ्यात गोड्या झालेल्या खाडीतही फिरते. प्रवाळातल्या माशाला ती सवय नसते, म्हणून बदल हळूहळू करायचा.

पुढच्या वेळी क्लाउनफिशची जोडी आजारी पडली, तेव्हा मी ६० लिटरची वेगळी टाकी लावली. कोळंबी, प्रवाळ, जिवंत दगड या पाण्यात मरतात, म्हणून तिच्यात फक्त फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. दोन दिवसांत घनता १.०२५ वरून १.००९ वर आणली. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून तो खिडकीच्या उजेडात धरायचे. वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्हींमधली रेघ १.००९ वरच हवी. रात्रीत पाणी उडून ती वर सरकलेली असली की आरओचं तांब्याभर पाणी घालायचं. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही या बदलाचा धक्का बसतो, म्हणून अमोनिया तपासत राहायचा.

सहाव्या दिवशी शेवटचा ठिपका गेला. तिथून मी तीस दिवस मोजले, मग आठवडाभर थोडं थोडं मीठ वाढवलं. मोठी टाकी अडीच महिने माशाविना ठेवली. तिच्याकडे बघताना जीव तुटायचा, पण तिथली पिल्लं उपाशी मारायचा तोच एक मार्ग होता.

अंगावर सोनेरी धुरळा उडाल्यासारखा दिसला तर तो वेगळा रोग, व्हेल्वेट. तो मचूळ पाण्याला दाद देत नाही आणि मासा काही दिवसांतच दगावतो. तिथे वेळ न घालवता तांब्याचं औषध सुरू करा. पण पांढरे ठिपके असतील, तर ते गेल्याची तारीख टाकीच्या काचेवर लिहून ठेवा आणि तिथून पूर्ण तीस दिवस मोजा.