द्रष्टा वेगळा, डिटेक्टर वेगळा

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की ‘हे सगळं आपल्या संतांनी आधीच सांगून ठेवलंय’ असं ऐकायला मिळणार. काहींना उलट वाटलं असेल, की भौतिकशास्त्र शिकवणारे आलेत म्हणजे अध्यात्माची टिंगल होणार. दोघांचीही थोडी निराशा होईल.

हा विषय कागलात घ्यायला एक कारण आहे. गैबी पीर म्हणजे इथलं ग्रामदैवत, आणि गाव त्यांना गहिनीनाथ म्हणूनही मानतं. नाथपरंपरेत गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ, त्यांचे शिष्य निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांचे ज्ञानेश्वर. म्हणजे ज्या परंपरेतून ‘अमृतानुभव’ आला, तिचा एक धागा इथल्या श्रद्धेनुसार आपल्या गैबी चौकातून जातो. तेव्हा ज्ञानेश्वरांचं नाव इलेक्ट्रॉनच्या शेजारी ठेवायचं असेल तर नीट बघून ठेवलं पाहिजे.

नवं भौतिकशास्त्र आणि पूर्वेकडचं अध्यात्म यांची सांगड जगभर लोकप्रिय केली ती फ्रिटजॉफ काप्रा यांनी. हे मूळचे व्हिएन्नाचे, कणभौतिकीचे अभ्यासक. 1969 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात समुद्रकाठी बसले असताना त्यांना सगळं विश्व म्हणजे शिवाचं नृत्य आहे असा अनुभव आला, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. त्यातून 1975 साली ‘द ताओ ऑफ फिजिक्स’ हे पुस्तक निघालं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 2004 साली भारत सरकारनं भेट दिलेली दोन मीटर उंचीची नटराजाची मूर्ती बसवली, तिथल्या फलकावरही काप्रांचे शब्द आहेत. मोबाईलवर त्या मूर्तीचा फोटो तुम्हाला आलाच असेल. खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘विज्ञानानं मान्य केलं’. मूर्ती ही भेट आहे, आणि सुंदर आहे. पण भेट मिळाली म्हणजे सिद्धांत सिद्ध झाला असं होत नाही.

तरीही काप्रांना आम्ही मोडीत काढणार नाही. ज्याला गणित येत नाही त्याला आत शिरायला दार पाहिजे, आणि ओळखीची प्रतिमा हे चांगलं दार आहे. फक्त प्रतिमा कुठपर्यंत चालते आणि कुठं मोडते, हे त्याच बैठकीत सांगितलं पाहिजे. आज तेवढंच करू.

सोप्यापासून सुरुवात. हायड्रोजनचा अणू त्याच्या केंद्रकाच्या साधारण साठ हजार पट मोठा असतो. केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं, चार मिलिमीटरचं धरलं, तर अणू अडीचशे मीटर भरेल. मधे काय? ‘पोकळी’ असं सांगून वक्ते लगेच उडी मारतात, की बघा, जग म्हणजे माया, जग म्हणजे शून्य. थांबा. ही पोकळी असती तर आमचा हात या टेबलातून आरपार गेला असता. तिथं इलेक्ट्रॉन पसरलेला आहे, आणि दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा पाउलींचा नियम पदार्थाला घट्टपणा देतो. दुसरं म्हणजे, बौद्ध विचारातलं शून्य म्हणजे रिकामं मडकं नव्हेच. कुठलीच वस्तू स्वतःच्या बळावर, इतरांवाचून उभी नाही, असं त्यात म्हटलंय. अणूच्या पोकळीशी त्याचा संबंध जोडला की भौतिकशास्त्रही चुकतं आणि नागार्जुनही चुकीचा कळतो.

आता मुख्य गोष्ट. जयसिंगराव तलावात थोड्या अंतरावर दोन दगड एकदम टाका. दोन्हीकडून लाटा निघतात. कुठं लाटेवर लाट चढते, कुठं एक दुसरीला मारते, आणि पाण्यावर पट्टे दिसतात. लाटांचं हे वागणं. आता पाण्याऐवजी इलेक्ट्रॉन घ्या, आणि तेही एका वेळी एकच सोडा. 1989 साली जपानमध्ये तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. पडद्यावर एक ठिपका पडतो, मग दुसरा, मग तिसरा. सुरुवातीला वाटतं, कुणीतरी तीळ उधळलेत. पण हजारो ठिपके साचले की त्यातून तलावासारखेच पट्टे उमटतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच आला होता, दुसऱ्याशी त्याची गाठही नव्हती. ठिपका कणाचा आणि पट्टे लाटेचे, आणि वस्तू एकच.

आणि इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेनं गेला हे टिपणारं यंत्र वाटेत बसवलं, की पट्टे नाहीसे होतात.

इथंच सगळी गडबड होते. ‘पाहिलं की बदलतं’ हे वाक्य पुस्तकांतून प्रवचनात आलं. प्रवचनातून ते ‘मन जग घडवतं’ झालं. तिथून ‘विचार बदला, आजार जाईल’ इथपर्यंत पोचलं. पण ‘पाहणं’ या शब्दाचा प्रयोगशाळेतला अर्थ काय? तिथं डोळे लागत नाहीत आणि मनही लागत नाही. व्हिएन्नात 1999 साली साठ कार्बन अणूंचा एक मोठा रेणू घेऊन असाच प्रयोग झाला आणि त्याचेही पट्टे दिसले. पुढं तिथल्याच गटानं मोठ्या रेणूंच्या वाटेत थोडा थोडा वायू सोडून बघितलं. वायूचे कण धडकत गेले तसतसे पट्टे पुसट होत गेले. रेणू तापवला, त्यानं स्वतःच उष्णता बाहेर टाकली, तरीही पट्टे पुसले गेले. तिथं ‘पाहणारा’ कोण होता? वायूचा कण. कणाला ना चित्त, ना ध्यान, ना संकल्प. त्या रेणूची वाट कुठली याची खबर बाहेर फुटली, एवढंच झालं.

आता आपल्याकडचा द्रष्टा बघा. सांख्य घ्या, वेदान्त घ्या, साक्षीचं लक्षण काय सांगितलंय? तो पाहतो, पण कशातच हात घालत नाही. दिवा घरात काय चाललंय ते दाखवतो, पण कुणाचं काम बिघडवत नाही. आणि डिटेक्टर? तो हात घातल्याशिवाय काही बघूच शकत नाही. तो भिडतो, धक्का देतो, मग त्याला कळतं. म्हणजे ज्या साम्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडतात, ते साम्य मुळात उलटं आहे. वेदान्ताचा साक्षी आणि क्वांटमचा निरीक्षक यांचे गुणधर्म एकमेकांच्या विरुद्ध आहेत. आम्हाला नवल याचं वाटतं, की ही गोष्ट ओळखायला भौतिकशास्त्र फारसं लागत नाही. आपलाच वेदान्त नीट वाचलेला असला तरी पुरतं.

मग सगळंच साम्य फोल का? नाही. एक जागा अशी आहे जिथं वर्गात आम्ही ज्ञानेश्वरांची मदत आनंदानं घेतो. ‘अमृतानुभवा’च्या पहिल्या प्रकरणात शिव आणि शक्ती यांचं नातं सांगताना ते दाखले देतात. दिवे दोन पण उजेड एक, ओठ दोन पण बोल एक, डोळे दोन पण दृष्टी एक. दोन म्हणावं तर दोन नाहीत, एक म्हणावं तर दोघांचं नांदणं दिसतं. आता एकाच घटनेतून जन्मलेले दोन प्रकाशकण घ्या, एक कागलला ठेवा, एक निपाणीला. क्वांटम सिद्धांत म्हणतो, या जोडीची अवस्था एकच आहे. ‘कागलच्या कणाची अवस्था सांगा’ म्हटलं तर त्याची वेगळी पूर्ण अवस्था नाहीच. विद्यार्थी इथं हमखास अडखळतो. दोन वस्तू म्हणजे दोन वर्णनं ही सवय सुटत नाही. दोन ओठ आणि एक बोल म्हटलं की चेहऱ्यावर काहीतरी हलतं.

पण शंका राहतेच. दोघांनी जन्मतानाच खिशात चिठ्ठी घेतली असेल, कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं याची. चिठ्ठी आपल्याला दिसत नाही इतकंच. गैब म्हणजे अदृश्य, तेव्हा तुमच्याच शब्दात तिला गैबी चिठ्ठी म्हणू. आइन्स्टाइन यांचा कल साधारण याच बाजूला होता. 1964 साली जॉन बेल यांनी हिशेब मांडला. अशी गैबी चिठ्ठी असेल आणि एका ठिकाणच्या मोजणीचा परिणाम दुसरीकडं तत्काळ पोचत नसेल, तर दोन ठिकाणच्या उत्तरांच्या जुळणीला मर्यादा पडते. त्या हिशेबाच्या पुढं आलेल्या एका सुटसुटीत रूपात ती मर्यादा 2 आहे. क्वांटम सिद्धांत म्हणतो, जुळणी 2.83 पर्यंत जाऊ शकते. प्रयोग झाले, जुळणी 2 च्या वर गेली, आणि त्या कामासाठी 2022 चं नोबेल क्लॉसर, आस्पे आणि झाइलिंगर यांना मिळालं.

प्रतिमा इथं मोडते. ओठ दोन आणि बोल एक हे वाक्य 2.83 सांगत नाही, सांगायला निघालेलंही नाही. आणि कणांची ही जोडी फार नाजूक. वाटेत कुठं धडक बसली की तिचं एकपण गेलं. ज्ञानेश्वरांचं शिवशक्तीचं ऐक्य असं धक्क्यानं सुटणारं नाही. सुटलं असतं तर त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला नसता.

बाजारात ‘क्वांटम’ नाव लावून लोलक, गाद्या, पाणी आणि उपचार विकले जातात. आमची त्यावर एकच कसोटी आहे. आकडा विचारा. काय मोजलं, किती आलं, उपचार न करता किती आलं असतं? याच कोल्हापुरात 1938 साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी काही सहकाऱ्यांबरोबर, त्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते, फलज्योतिषाची अशीच साधी चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका वेगळ्या ओळखायच्या. 27 ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. मधुमेहाची गोळी थांबवून कुणी ‘क्वांटम पाणी’ घ्यायला सांगत असेल तर निदान इतकी चाचणी मागायला हरकत नाही. आई-वडिलांच्या वतीनं घरातल्या पोरांनी मागावी.

आता साम्याच्या मोहाचा दुसरा तोटा, आणि हा भाविक माणसानं जास्त मनावर घ्यावा असा आहे. काप्रांच्या पुस्तकात जेफ्री च्यू यांच्या ‘बूटस्ट्रॅप’ सिद्धांताला मोठं स्थान होतं. त्या सिद्धांतात कुठलाच कण मूळ नाही, सगळे कण एकमेकांमुळे आहेत. काप्रांना त्यात बौद्धांचं इंद्रजाल दिसलं, ज्यातल्या प्रत्येक रत्नात बाकीच्या सगळ्या रत्नांचं प्रतिबिंब असतं. प्रतिमा अप्रतिम. पण पुस्तक यायच्या आधीच, नोव्हेंबर 1974 मध्ये, अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांत एक नवा कण सापडला आणि क्वार्कचं पारडं जड झालं. प्रोटॉनच्या आत क्वार्क आहेत हे पुढं सर्वमान्य झालं आणि बूटस्ट्रॅप मागं पडला. मग बुद्धविचार पडला का? अर्थातच नाही. पण ‘विज्ञानानं सिद्ध केलं म्हणून तो खरा’ असं ज्यांनी म्हटलं, त्यांनी आपलं पागोटं दुसऱ्याच्या खुंटीवर टांगलं होतं. विज्ञान खुंट्या बदलत असतं, तो त्याचा धंदाच आहे.

एक प्रश्न आधीच चिठ्ठीवर आलाय, की हायझेनबर्ग यांना रवींद्रनाथांकडून क्वांटमची कल्पना मिळाली हे खरं का. तारखा बघू. अनिश्चिततेचं तत्त्व 1927 चं. कलकत्त्यात दोघांची भेट 1929 ची. त्या बोलण्यानं आपल्याला धीर आला असं हायझेनबर्ग पुढं म्हणाल्याचं काप्रांनी नोंदवलंय, आणि ते महत्त्वाचं आहेच. पण धीर वेगळा, उगम वेगळा. श्रोडिंगर यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. त्यांनी वेदान्तावर 1925 मध्ये लिहिलं आणि लहरीचं समीकरण 1926 च्या सुरुवातीला आलं. तरी त्या समीकरणाची वाट द ब्रॉय्‌ यांच्या 1924 च्या प्रबंधातून जाते, उपनिषदातून जात नाही. उपनिषद त्यांच्या मनात होतं, हे कुणी नाकारू नये.

आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडं एक अडचण सारखी आहे, तिच्याबद्दल मात्र कमी बोललं जातं. ती शब्दांची. ‘अमृतानुभवा’च्या सहाव्या प्रकरणाला शब्दखंडन म्हणतात. शब्द विसरलेल्याची आठवण करून देतो हा त्याचा मान ज्ञानेश्वर ठेवतात, आणि मग जे स्वतःच प्रकाशतं त्यापुढं तो निरुपयोगी कसा ठरतो ते दाखवतात, तेही ओव्या लिहूनच. नील्स बोर यांची आयुष्यभराची खटपट अशीच. ‘कण’ आणि ‘लाट’ हे आपले तलावाकाठचे शब्द. त्यांच्यावाचून प्रयोग सांगता येत नाही, आणि एकाच प्रयोगात दोन्ही पूर्ण वापरता येत नाहीत. 1947 साली डेन्मार्कच्या राजानं सन्मान दिला तेव्हा बोरनी आपल्या मानचिन्हावर चीनचं यिन-यांग घेतलं. सिद्धांत त्यांनी त्याच्या वीस वर्षं आधी मांडला होता. चिन्ह नंतर निवडलं.

बेलची ती 2 ची मर्यादा पुढच्या व्याख्यानात फळ्यावर मांडू. बेरीज-वजाबाकी आणि अकरावीचं त्रिकोणमिती पुरतं. येताना वही घेऊन या.