सोयाबीनचा गट नंबर

सोयाबीनचं पोतं उघडलं की व्यापारी आधी मूठभर दाणे तळहातावर घेतो. एखादा दाणा दाताखाली फोडून ओलावा बघतो, मातेरं किती, डागी किती याचा अंदाज घेतो आणि मग भाव बोलतो. ओलावा मोजायची यंत्रं आली, तरी दाताची सवय काही गेलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर असो की वरोरा, या व्यवहारात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: हे सोयाबीन कुणाच्या वावरातलं? विचारून करायचं तरी काय! ढिगात पडलेल्या दाण्याला गट नंबर नसतो.

युरोपीय संघाने नेमका हाच प्रश्न कायद्यात घातला आहे. हा कायदा 29 जून 2023 रोजी अस्तित्वात आला. गुरं, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड या सात वस्तू, शिवाय त्यांच्यापासून होणारं चामडं, चॉकलेट, टायर, कागद, सोयापेंड असं बरंच काही त्यात येतं. माल युरोपात उतरवायचा तर तो 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवरचा नसावा. तो त्या त्या देशाचे कायदे पाळून पिकवलेला असावा. आणि तो कुठल्या तुकड्यावर पिकला, त्याचा पत्ता सोबत हवा. डोळ्यासमोर होतं ते प्रामुख्याने ॲमेझॉनचं जंगल. पण व्यापाराचा नियम सगळ्यांना सारखा लावावा लागतो, म्हणून ब्राझीलसाठी विणलेल्या जाळ्यात झाडीपट्टीच्या उंबरठ्यावरचं चिमूरही आलं. या तालुक्यात एका अंगाला धान, दुसऱ्या अंगाला सोयाबीन आणि कापूस, आणि मध्ये मध्ये थेट ताडोबापर्यंत गेलेलं रान.

आपली बहुतेक सोयापेंड देशातल्याच कोंबड्या खातात. पण भारतात जनुकीय बदल केलेलं सोयाबीन पेरायला परवानगी नाही, आणि युरोपातल्या काही गिऱ्हाइकांना नेमकी अशीच, बदल न केलेल्या सोयाबीनची पेंड हवी असते. त्यामुळे थोडा माल तिकडेही जातो. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड. हेक्टरी टनभर उतारा धरला, तर वीस टनांच्या एका ट्रकभर पेंडीमागे पंचवीस हेक्टर जमीन उभी असते. विदर्भातल्या धारणेच्या हिशेबाने ही दहा-पंधरा शेतकऱ्यांची वावरं झाली. जहाजाच्या एका कप्प्यात असे शेकडो ट्रक रिकामे होतात. नियम म्हणतो, माल एकत्र केला असेल तर त्यातल्या सगळ्या तुकड्यांचे पत्ते द्या. एक जरी तुकडा नियमात बसत नसेल, तरी आख्खी रास नापास.

आता हा पत्ता कसा द्यायचा ते बघा. अक्षांश आणि रेखांश, दशांशचिन्हानंतर किमान सहा आकडे. चिमूर साधारण साडेवीस अंश अक्षांशावर आहे. त्यातला पहिला दशांश बदलला की माणूस अकरा किलोमीटर सरकतो, म्हणजे दुसऱ्याच गावात जातो. तिसऱ्या दशांशाला एकशे अकरा मीटर, म्हणजे फार तर शेजाऱ्याचा धुरा. सहाव्या दशांशाला उरतात फक्त अकरा सेंटिमीटर, अर्धी वीत. ज्या भागात धुऱ्याच्या हातभर जागेवरून भावाभावांत कोर्टकज्जे चालतात, तिथल्या वावराची खूण युरोपातला कारकून अर्ध्या वितीच्या अचूकतेने मागतो आहे! तुकडा चार हेक्टरांपेक्षा मोठा असेल तर एक खूण पुरत नाही, सगळी हद्द आखून द्यावी लागते. चिमूरकडचे बहुतेक शेतकरी एका खुणेवर सुटतात. लहान असण्याचा असा फायदा शेतीत क्वचितच मिळतो.

ही खूण ताडून बघायला वर आकाशात युरोपचेच सेंटिनेल-2 उपग्रह आहेत. दर पाच दिवसांनी ते त्याच जमिनीवरून जातात, ढग नसले तर फोटो घेतात, आणि त्या फोटोतला सगळ्यात बारीक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर. म्हणजे एक आर. सातबाऱ्यावर क्षेत्र ‘हेक्टर-आर’मध्ये लिहितात, त्यातला तो आर. हा योगायोग मला फार आवडतो. तलाठ्याच्या दप्तरातलं लहान माप आणि शेकडो किलोमीटर उंचावरून दिसणारं सगळ्यात लहान माप तंतोतंत एकच निघावं! युरोपीय संघाच्या संशोधन केंद्राने 2020 सालचा जगाच्या जंगलाचा नकाशाही याच दहा मीटरच्या ठिपक्यांनी भरला आहे. त्यात तुमच्या वावराचे आर एकेक करून मोजता येतात: हा जंगल, हा जंगल नाही.

पण जंगल म्हणजे काय? युरोपचं उत्तर आकड्यांत आहे. अर्ध्या हेक्टरहून मोठी जमीन, पाच मीटरहून उंच झाडं, दहा टक्क्यांहून जास्त सावली. आणि ती जमीन मुख्यतः शेतीसाठी वापरात नसावी. त्यामुळे धुऱ्यावर मोहाची चार झाडं असली म्हणून वावराचं जंगल होत नाही. उपग्रह कधी फसेल, ही व्याख्या फसणार नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितलं की सरकारी दप्तरात ज्याची नोंद जंगल अशी आहे ते जंगल, मालक कुणी का असेना. विदर्भाच्या पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली सुमारे 86 हजार हेक्टर जमीन आहे. गावाची गुरं चरायला ठेवलेली ही जमीन. कुठे पळस, बोरं आणि तरोटा, कुठे नुसता मुरूम. पुढे त्यावर घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी कचेऱ्या झाल्या, स्मशानं झाली, वावरं झाली. नोंद तशीच राहिली. एकही झाड नसलेली जमीन दप्तरात जंगल, आणि त्यावर सोयाबीन उभं!

या जमिनीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला: झुडपी जंगल हे जंगलच. मात्र 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनी राज्याने केंद्राची मंजुरी घेऊन नियमित करून घ्याव्यात. आणि त्याच दिवशी, 22 मे 2025 लाच, तिकडे ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाने जगातल्या देशांची वर्गवारी जाहीर केली. जास्त धोक्याचे देश चारच: रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया आणि म्यानमार. भारत कमी धोक्याच्या यादीत. म्हणजे आपल्या मालाची तपासणी कमी, शंभरातल्या एकाला गाठण्याइतकी. पत्त्यातून मात्र सुटका नाही. दिल्ली आणि ब्रसेल्समधल्या या दोन कागदांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. चिमूरच्या एखाद्या वावरात मात्र त्यांची गाठ पडते.

कशी, ते असं. समजा, रानाला लागून दोन एकराचा तुकडा आहे आणि तो 1990 पासून वाहितीत आहे. युरोपच्या पहिल्या अटीला यात काहीच वावगं दिसत नाही, कारण 2020 नंतर तिथे झाडच तुटलेलं नाही. पण दुसरी अट म्हणते, देशाचा कायदा पाळलेला हवा. जमीन वापरण्याचा हक्क हवा. इथे आपल्या तारखा उठून उभ्या राहतात. 25 ऑक्टोबर 1980, वन संवर्धन कायदा. 12 डिसेंबर 1996, जंगलाची व्याख्या. 13 डिसेंबर 2005, वनहक्क कायद्याने धरलेली ताब्याची तारीख. आदिवासी नसलेल्याला तर त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याला वनपट्टा मिळाला त्याच्या हातात कागद आहे. विकता येत नसला तरी वारसाने चालणारा. ज्याचा दावा उपविभागीय समितीच्या कपाटात पडून आहे, त्याचं सोयाबीन जंगलतोडीच्या परीक्षेत पास आणि कागदाच्या परीक्षेत नापास. लोकांना वाटतं परदेशी नियम म्हणजे परदेशी अट. मला तर हा नियम वाचताना आपल्याच वनखात्याचं आणि महसूलचं भांडण नव्या लिफाफ्यात घातल्यासारखं वाटलं.

काही ठिकाणी नियम थक्क करण्याइतका शहाणा आहे. कागद आणि लगदा यादीत आहेत, पण बांबूपासून केलेला कागद वगळला आहे. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत, ही गोष्ट आपल्या कायद्याला 2017 साली पटली आणि बांबू झाडाच्या व्याख्येतून बाहेर पडला. त्याआधी बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे इथल्या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षं जात राहिला, आणि गावकऱ्याने तोच तोडला तर तो गुन्हा ठरायचा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. तरी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्या 1,800 हेक्टर सामूहिक वनातला बांबू विकायचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाताने द्यायचा अधिकार मिळायला 27 एप्रिल 2011 उजाडावा लागला. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं.

काही ठिकाणी मात्र नियमाला मोठं भोक आहे. यात जंगलतोड म्हणजे जंगलाची शेती करणं. खाणीसाठी, रस्त्यासाठी, गावठाणासाठी तुटलेलं रान या व्याख्येत येतच नाही. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज निघतं. लोखंड सात वस्तूंत नाही. पोलादासाठी युरोपचा दुसरा कर आहे, 1 जानेवारी 2026 पासून लागू झालेला, पण तो भट्टीतून किती कार्बन निघाला ते मोजतो, डोंगरावरची झाडं नव्हे. अर्ध्या एकराच्या अतिक्रमणाचं सोयाबीन अडेल आणि डोंगर पोखरून केलेलं पोलाद कर भरून जाईल. हे मला पटत नाही.

पत्ता जपण्याची कला या मुलखाला नवी नाही. आलापल्लीच्या रानातलं सागवान बल्लारशाच्या आगारात येतं तेव्हा त्याच्या बुंध्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो, नंबर असतो, सोबत वाहतूक परवाना असतो. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च 2023 मध्ये इथून सागवान गेलं, तेही असंच नोंद होऊन गेलं. लाकडाला ओळख देण्याची रीत इंग्रजांच्या काळापासून बसली. सोयाबीन विदर्भात रुळलं ते गेल्या चार दशकांत, आणि त्याला ओळख देण्याची कुणाला गरज पडली नाही.

तरी गंमत अशी की वावराचा अक्षांश-रेखांश शासनाकडे आधीच आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी चालते. शेतकरी वावरात उभा राहतो, मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो, आणि फोटोसोबत जागेची खूण आपोआप वर जाते. चिमूरकडे नेटवर्क मिळेपर्यंत धुऱ्यावरून धुऱ्यावर हिंडावं लागतं ते वेगळं. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या सोयाबीनचा पत्ता नोंदवला जातो. दसरा-दिवाळीला तेच सोयाबीन पोत्यात भरून बाजार समितीत येतं. काट्यावर वजन होतं, अडत्याची पट्टी फाटते, तिच्यावर नाव, वजन आणि भाव येतात. गट नंबर येत नाही. फोटो एका सर्व्हरवर, पोतं दुसऱ्या रस्त्याला.

युरोपचा हा नियम आतापर्यंत दोनदा पुढे ढकलला गेला आहे. आता मोठ्या आणि मध्यम कंपन्यांसाठी 30 डिसेंबर 2026 आणि लहान व अगदी लहानांसाठी 30 जून 2027 अशा तारखा आहेत. तो तिसऱ्यांदा सरकला नाही, तर 2026 च्या मृगात पेरलेलं सोयाबीन हे या नियमात सापडणारं पहिलं पीक ठरेल, कारण दिवाळीनंतर दळलेली पेंड युरोपच्या बंदरावर पोचता पोचता तारीख उलटलेली असेल. निर्यात करणारा कारखाना तेव्हा दोन ढीग करील: एक पत्त्याचा, एक बिनपत्त्याचा. बिनपत्त्याचा ढीग देशातल्या कोंबड्यांकडे जाईल. पत्त्याच्या ढिगाला जास्त भाव मिळाला तर तो कारखान्यात राहील की अडत्याच्या पट्टीवर उतरेल, हे युरोपच्या कायद्यात कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.