शिबिर की शिकवणी?

परीक्षा संपल्या, की घोडबंदर रोडवरील गृहसंकुलांच्या फाटकांवर उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. यंत्रमानव बनविणे, झटपट आकडेमोड, इंग्रजी संभाषण. रोज दोन तास, दहा दिवस आणि अखेरीस प्रमाणपत्र. पालकांची निकड समजण्याजोगी आहे. आईवडील दोघेही नोकरीवर, घरात आजी-आजोबा नाहीत आणि मामाचा गावही पूर्वीसारखा राहिलेला नाही. तथापि शिबिर या नावाखाली जे विकले जात आहे, ते शिबिर आहे की शिकवणी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

शिबिराची कल्पना कौशल्ये शिकविण्यासाठी जन्मली नाही. १८६१ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात फ्रेडरिक गन या शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांसह समुद्रकाठी मुक्काम ठोकला. १८७६ मध्ये झुरिकचे धर्मोपदेशक वाल्टर बियॉन यांनी शहरातील गरीब, अशक्त मुलांना आपेन्झेलच्या डोंगराळ प्रदेशात नेले. आपल्याकडे १९४१ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने निरनिराळ्या जातींच्या मुलांना शिबिरात एका पंगतीस बसविले. हेतू वेगवेगळे असले तरी सूत्र एकच होते. मुलाने घर सोडावे, इतरांच्या सोबतीने राहावे आणि आपले काम आपण करावे.

नुसत्या सहवासाने मने जुळतात, असे मात्र नव्हे. १९५४ मध्ये ओक्लाहोमातील एका शिबिरात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे दोन गट केले. चढाओढीच्या खेळांनी त्यांच्यात वैर माजले आणि ते एकत्र जेवल्याने मिटले नाही. पाणीपुरवठा बंद पडण्यासारख्या अडचणी मुद्दाम निर्माण करून दोन्ही गटांना एकत्र राबावे लागले, तेव्हा कुठे ते निवळले. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे टीका झाली; परंतु सेवा दलाने पंगतीला श्रमदानाची जोड का दिली, याचे मर्म त्यातून ध्यानात येते.

अशा अनुभवाचे मोल गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे मानणे चुकीचे होय. मिशिगनमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या पेरी बालशाळेच्या प्रयोगात मुलांच्या बुद्ध्यंकातील वाढ काही वर्षांतच विरली. पण चाळिशीपर्यंत माग घेतला असता त्यांची मिळकत अधिक व गुन्हे कमी आढळले. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जेम्स हेकमन यांनी याचे बरेचसे श्रेय सुधारलेल्या वर्तनाला दिले. ती बालशाळा होती, शिबिर नव्हे. तरीही वळण हे गुणांपेक्षा अधिक टिकते, हा धडा येथेही लागू पडतो.

मग बाजार असे शिबिर का पुरवीत नाही? दहा दिवसांत डोळ्यांना दिसेल, त्याचेच पैसे पालक मोजतो. अनोळखी मुलांशी जुळवून घ्यायला शिकलेल्या मुलाचा लाभ साऱ्या समाजाला होतो. त्याचे बिल कोणीच भरीत नाही. अर्थशास्त्रात यास बाह्य लाभ म्हणतात, आणि अशा ठिकाणी सार्वजनिक संस्थांनी पुढे यावे लागते.

घोडबंदर रोडला त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. एका अंगास येऊरचे जंगल, दुसऱ्या अंगास खाडी व खारफुटी, आणि टोकाला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला घोडबंदरचा किल्ला. इमारतींत राहणारी मुले आहेत, तशीच येऊरच्या पाड्यांवरील वारली मुले आहेत आणि बांधकामांवरील मजुरांची मुलेही आहेत. या तिघांची गाठ पडत नाही, कारण शुल्क हेच फाटक झाले आहे.

मे महिन्यात शाळांना सुट्टी असते. महानगरपालिकेने आपल्या एखाद्या शाळेत पाच रात्रींचे शिबिर भरवावे. निम्म्या जागा शुल्काच्या, निम्म्या विनाशुल्क असाव्यात. जंगलाची ओळख पाड्यांवरील जाणत्या माणसांनी, योग्य मानधन घेऊन, करून द्यावी. उन्हाचा कडाका पाहता कामे सकाळ-संध्याकाळीच ठेवावीत. मुलींच्या सुरक्षिततेची व वैद्यकीय मदतीची सोय आधी व्हावी, मगच नावनोंदणी. खर्च येईल, हे खरे. पण भिंतीपलीकडच्या मुलाचे नावही ठाऊक नसलेली पिढी उद्या हेच शहर चालविणार आहे, आणि त्या अनोळखीपणाची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात मावणारी नाही.