भयाचा आराखडा

कार्तिकी पौर्णिमेला जबलपूरजवळच्या भेडाघाटी नर्मदेच्या काठावर जत्रा भरते. जत्रा म्हटली की आकाशपाळणा आलाच, आणि आकाशपाळणा म्हटला की पोटात येणारा तो गोळाही आला. पाळणा वरून खाली येऊ लागला की ज्या आसनावर माणूस बसलेला असतो ते आसनच त्याच्या आधी निसटू पाहते. देहाला मिळणारा आधार क्षणभर हलका होतो, आतील अवयवांवरचा नेहमीचा भार उतरतो, आणि 'पोटात गोळा आला' असे आपण म्हणतो. भीतीसाठी मराठीने योजलेला हा वाक्प्रचार यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही फारसा चुकीचा नाही. या गोळ्याचे माप काढणे, तो केव्हा यावा व केव्हा ओसरावा हे ठरवणे, हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. रोलर कोस्टर रचणाऱ्या अभियंत्याचा तो व्यवसाय होय.

या व्यवसायाची तोंडओळख करून घ्यायला आता पोलादाची गरज उरलेली नाही. क्रिस सॉयर या स्कॉटिश गृहस्थाने १९९९ मध्ये 'रोलरकोस्टर टायकून' नावाचा संगणकावरील खेळ प्रसिद्ध केला. जवळजवळ सगळा खेळ त्याने एकट्याने, यंत्राला अगदी जवळच्या अशा असेंब्ली भाषेत लिहिला होता. खेळणाऱ्याला रिकामी जमीन मिळते. तीवर त्याने उद्यान वसवायचे, रूळ टाकायचे, चढउतार द्यायचे, आणि गाडी सोडून पाहायचे. जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने हा खेळ उघडून भेडाघाटासारखी दरी रचली, असे समजा. त्याची गाडी धावते आणि खेळ तिला तीन गुण देतो: रंजनाचा, तीव्रतेचा आणि मळमळीचा. नवशिक्या माणूस उंची वाढवतो, वळणे आवळतो, आणि तीव्रता दहाच्या पलीकडे नेऊन ठेवतो. मग उद्यानातील चिमुकली माणसे त्या गाडीच्या दाराशी येतात, वर पाहतात आणि परत फिरतात. एवढा खर्च करून उभारलेली गाडी रिकामी धावत राहते. पहिला धडा मिळतो तो असा.

मग विद्यार्थी शक्तीचा हिशेब मांडायला बसतो. रोलर कोस्टरला बहुधा स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते. पुढचा सारा प्रवास त्या उंचीच्या भांडवलावर चालतो. घर्षण आणि वारा या भांडवलातून सतत काहीतरी कापून घेतात, म्हणून पुढची प्रत्येक टेकडी मागच्या टेकडीहून सामान्यतः बुटकी ठेवावी लागते. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ मध्ये सुरू झालेली 'नायट्रो' ही गाडी सुमारे ४० मीटर उंचीवरून खाली झेपावते. एवढ्या उंचीवरून पडणारी कोणतीही वस्तू पायथ्याशी ताशी सुमारे १०० किलोमीटरचा वेग घेते. वस्तूचे वजन किती, हा प्रश्न येथे गौण आहे.

परंतु वेग माणसाला जाणवत नाही. जाणवतो तो वेगातील बदल. विमानात बसलेला मनुष्य ताशी ८०० किलोमीटर वेगाने जात असता निवांत चहा पितो. म्हणून कोस्टर रचणाऱ्याचे खरे लक्ष असते ते वळणाकडे, आणि या बाबतीत सर्वांत बोलकी कथा आहे उभ्या चक्राची. गाडी उलटी होऊन पुन्हा सुलटी येते ते चक्र पूर्ण गोल असावे, असेच कोणालाही प्रथम वाटेल. १८९५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे 'फ्लिप फ्लॅप' नावाच्या गाडीत तसे गोल चक्र बसवले होते. त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावत. त्याचे कारण गणितात आहे. पूर्ण गोल चक्रात गाडी माथ्यावर जेमतेम टिकावी एवढाच वेग धरला, तरी पायथ्याशी प्रवाशाच्या देहावर त्याच्या वजनाच्या सहापट भार पडतो. ६० किलो वजनाच्या माणसाला आपण ३६० किलोंचे झालो आहोत असे वाटते. त्यातही सपाट रुळावरून गोल चक्रात शिरताना हा भार हळूहळू वाढत नाही, एकदम आदळतो. मानेचे स्नायू सावध व्हायलाही अवधी मिळत नाही.

यावर तोड निघाली ती तब्बल ऐंशी वर्षांनी. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल आणि कोस्टर बांधणारे अँटोन श्वार्त्सकोफ यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात 'रेव्होल्यूशन' ही गाडी उभी केली. तिचे चक्र गोल नव्हते, पाण्याच्या उलट्या थेंबासारखे होते.  जेथे वेग अधिक तेथे वळण सैल, जेथे वेग मंद तेथे वळण आवळ. अशा रेषेला क्लोथॉइड म्हणतात. तीवरून जाताना वळण रेषेच्या लांबीबरोबर क्रमाक्रमाने वाढत जाते, आणि देहावरचा भारही त्याच बेताने चढतो. आजचे रचनाकार चार-पाचपट भार देतात, पण तोही क्षणभर, आणि आधी सूचना देऊन.

ही रेषा मुळात करमणुकीची नव्हे. ती रेल्वेची आहे. सरळ मार्गावरून वळणात शिरणारी आगगाडी हिसका न बसता वळावी म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकातच याच जातीची रेषा योजली होती. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवण्याची युक्तीही त्यांचीच. जबलपूरकरांना हे नाते परके वाटू नये. १८७० मध्ये मुंबईहून आलेली जी.आय.पी. रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे याच गावी एकमेकींना मिळाल्या, आणि देश आडवा जोडला गेला.

रेल्वेने कोस्टरला दिलेली सर्वांत मोलाची देणगी मात्र निराळीच आहे: ब्लॉक पद्धत. मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी येऊ द्यायची. पुढचा तुकडा मोकळा झाल्याखेरीज मागची गाडी हलता कामा नये. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधील अल्टन टॉवर्स उद्यानात 'स्मायलर' या कोस्टरची एक रिकामी गाडी जोराच्या वाऱ्यात अर्ध्या वाटेवर अडकली. मागून प्रवाशांनी भरलेली गाडी येत होती. यंत्रणेने तिला बरोबर थांबवले. मार्गावर आणखी एक गाडी आहे हे कर्मचाऱ्यांच्या ध्यानात नव्हते. यंत्रच चुकले, असे समजून त्यांनी तो अडसर हाताने दूर केला. टक्कर झाली, १६ जण जखमी झाले, आणि दोन तरुणींना पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने उद्यानाच्या चालकांना ५० लाख पौंडांचा दंड केला. आराखड्यात दोष नव्हता. दोष होता आराखड्यावरील विश्वासात.

संगणकातील उद्यानातही टक्कर होते. थांबा घेणारे ब्रेक निकामी होतात, गाडीवर गाडी आदळते, ज्वाळा उठतात, आणि उद्यानाची कीर्ती घसरते. खेळणारा मागचा जतन केलेला डाव उघडतो आणि पुन्हा आरंभ करतो. ही सवलत फक्त पडद्यावरची आहे, पण तिच्यामुळेच विद्यार्थी निर्धास्तपणे चुका करू शकतो आणि चुकांतून शिकतो. थोड्याच दिवसांत त्याला एक गोष्ट उमगते: वेग न वाढवताही रंजन वाढते. रूळ पाण्यालगत नेला, खडकाच्या कडेने किंवा बोगद्यातून काढला, की गुण चढतात. भेडाघाटाला बंदरकूदनी नावाची जागा आहे. तेथे संगमरवरी कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडे एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी मारीत, असे नावाडी सांगतात. तशा फटीतून मंद गतीने निघालेली गाडी मोकळ्या माळावरच्या दुप्पट वेगाच्या गाडीपेक्षा अधिक दचकवते. दोन्ही कडे अंगावर येतात असे वाटते, देहावर मात्र काडीचाही भार नसतो. प्रत्यक्ष भेडाघाटी असा रूळ कोणी टाकू नये हे वेगळे सांगायला नको. तेथे नाव पुरेशी आहे.

खेळातल्या प्रत्येक गाडीची एक छोटी खिडकी उघडता येते. तीत एक जागा तंत्रज्ञाच्या फेरीची आहे. तपासणी किती वेळाने व्हावी हे तेथे खेळणाऱ्याने निवडायचे असते: दर १० मिनिटांनी, २०, ३०, ४५ मिनिटांनी, तासाने, दोन तासांनी. फेऱ्या वाढवल्या की तंत्रज्ञ अधिक ठेवावे लागतात आणि त्यांचे पगार उद्यानाच्या पैशातून जातात. यादीच्या तळाशी आणखी एक पर्याय दिलेला आहे. तो आहे 'कधीच नाही'.